तोड आली का?

आडसाली उसाला तुरा दिसायला लागला की नीरेकाठच्या बागायती पट्ट्यात माणसं एकमेकांना ‘काय चाललंय’ असं फारसं विचारत नाहीत. ‘तोड आली का?’ एवढंच विचारतात. जुलैत लावलेला ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. सोसायटीचं कर्ज त्याच्यावर, पोराची इंजिनिअरिंगची फी त्याच्यावर, पोरीचं लग्नही त्याच्यावरच. तुरा आला की वजन घटू लागतं. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लागणीची नोंद असते, तरी तोडीचा नंबर नेमका कधी लागेल हे कारखान्याचा चिटबॉयही छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून या तीन शब्दांत समोरच्याच्या घराची चालू सालाची सगळी हालहवाल विचारून होते. ‘आली’ म्हटलं की विचारणारा टनेजवर जातो. ‘नाही अजून’ म्हटलं की तो म्हणतो, ‘आमच्याकडं तोडीची टोळी आहे, मुकादमाशी बोलू का?’ मैत्री असलीच तर ती या दुसऱ्या वाक्यात कळते. पहिला प्रश्न काय, सगळेच विचारतात.

याच पट्ट्यातलं पणदरे हे बारामतीहून नीरेला जाणाऱ्या रस्त्यावरचं, माळेगावच्या पुढचं गाव. एका अंगाला नीरा नदी, दुसऱ्या अंगाला नीरा डावा कालवा, आणि मधे ऊस. बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत, बागायत आणि जिरायत, आणि दोन्हीकडची विचारपूस वेगळी आहे. सुप्या-मोरगावाकडच्या जिरायत भागातला दोस्त भेटला तर त्याला तोडीचं विचारून चालत नाही. तिथं आधी पाऊस विचारायचा, मग चारा, मग टँकर. बाहेरच्याला दोघंही बारामतीचेच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तर मात्र दोघांच्या बोलण्यात पहिली पाच मिनिटं कालवा आडवा येतो.

गावोगावच्या मैत्रीवर लिहिताना आपण हमखास पारावर जाऊन बसतो. पार आहे, कट्टा आहे, रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल आहे, सलून तर आहेच. पण बागायती भागात बातमी फिरायची ती माणसं रिकामी होती म्हणून नव्हे. माणसं कशासाठी तरी अडकून पडलेली असायची. पाण्यासाठी थांबायचं, कारखान्याच्या वजनकाट्यासाठी थांबायचं, एसटीसाठी थांबायचं. बरोबर थांबलेला माणूस आपोआप आपल्या घरचं सांगू लागतो. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

पाण्याचंच बघा. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला होता. त्या पाठोपाठच्या वर्षांत वीरच्या बंधाऱ्यावरून नीरा डावा कालवा काढला गेला आणि १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. त्याला साठा मिळावा म्हणून भोरजवळ भाटघरचं धरण झालं आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी मोठं नवं धरण आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडं पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर होते. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत बसवली. कुठल्या पट्ट्याला किती वर्षं, कुठल्या पिकासाठी पाणी, हे आधीच ठरवून द्यायची ही पद्धत. इंजिनिअरच्या डोक्यात पाण्याची काटकसर होती. पाण्याबरोबर शेजाऱ्याचं वेळापत्रकही माणसाच्या गळ्यात पडलं, याची नोंद कुठल्या सरकारी कागदात नसावी.

पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तन सुटायची वाट बघायची आणि शेजपाळीनं आपलं बारं येईपर्यंत बांधावर बसायचं. वरच्याचं भिजल्याशिवाय आपल्याकडं पाणी वळत नाही. त्यामुळं वरच्याचं रान किती, बैल आजारी आहे का, मुलगा मदतीला का नाही आला, भावाभावांत वाटणीची बोलणी कुठवर आली, हे सगळं माहीत असावंच लागतं. रात्रीची पाळी असली तर दारं धरायला सोबत लागायची. कंदील, पुढं बॅटरी, फडक्यात भाकरी, आणि पहाटेपर्यंतचं बोलणं. दिवसा जे भावाला सांगता येत नाही ते रात्री पाटावर दोस्ताला सांगितलं जायचं. बांधावरून, पाण्यावरून डोकी फुटायची तीही याच जागी, हेही सांगून टाकतो. नाहीतर हे फार गोड वाटायचं. आणि पाटकरी! तो सरकारी नोकर, पण कालव्याच्या कडेनं गावं तुडवत जाणारा. कुठल्या वस्तीवर काय झालं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. त्याला चहा पाजणारे सगळे काही पाण्याच्याच आशेनं पाजत नसत.

१९५० च्या दशकात माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि थांबायची आणखी एक जागा तयार झाली. बैलगाड्यांच्या जमान्यात गाडीतळावर रांग लागायची. बैल सोडून, गाडीखाली गोणपाट टाकून माणसं पडून राहायची. सांगवीचा, कोऱ्हाळ्याचा, वडगाव निंबाळकरचा आणि पणदरेचा माणूस एकाच रांगेत. सोयरिकी जुळायच्या, बैलांचे सौदे ठरायचे, कुणाच्या गावात तमाशा आहे ते कळायचं. हंगामापुरती बीड-नगरकडून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबंही याच तळावर असायची. त्यांची खबर गावाकडं न्यायला मात्र कुणी नसायचं. मागं ठेवलेली म्हातारी माणसं आणि पोरं कशी आहेत हे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, कळायची सोय नव्हती. आज त्यांच्या कोप्यांपुढं संध्याकाळी मोबाईलवर पोरांशी व्हिडिओ कॉल चाललेले दिसतात. ‘पूर्वी माणसं एकमेकांना किती धरून होती’ असं म्हणणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

गाडीतळ आता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतो. वजनाचा मेसेज थेट मालकाच्या फोनवर येतो, मालक कारखान्यावर जातच नाही. कांडे बिल आणि दिवाळीचा हप्ता बँकेत जमा होतो. सभासदांना मिळणारी दिवाळीची साखर तेवढी अजून आणावी लागते, आणि तिथल्या रांगेत अजूनही माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या तीन कारखान्यांच्या दरांची तुलना ऐकायला मिळते. ही चर्चा वर्षानुवर्षं त्याच माणसांत, त्याच जोरात चालते आणि एकाचंही मत बदलत नाही. मत बदलावं म्हणून ती चाललेलीच नसते.

बाहेरच्या जगाची बातमी वेगळ्या वाटेनं यायची. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि गावोगावी बातमीदार नेमायचा धडाका लावला. पाऊस, बाजारभाव, यात्रा, अपघात अशी साधी खबर छापण्याजोगी आहे, हे त्यांनी पुण्याच्या वाचकाला पटवलं. त्याच्याही आधी, १९१० पासून, मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवत होते. पण गावात अंक येणार एखाददुसरा. तो सलूनमध्ये किंवा हॉटेलात पडलेला असायचा आणि एक जण मोठ्यानं वाचायचा. वाचणाऱ्याची टिप्पणी बातमीतच मिसळून जायची. ऐकून घरी गेलेल्यानं बायकोला सांगितलेली बातमी ही तिसरी आवृत्ती. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. पुढं सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांतलं धारा काढणं आणि चहा ठेवणं बेतलेलं असे.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो १९५६ मधला एक प्रयोग, जो आपण मराठी लोक पार विसरून गेलो आहोत. कॅनडात १९४० च्या दशकात शेतकऱ्यांची श्रोतामंडळं होती. शेजारी-शेजारी एका घरात जमायचे, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपलं म्हणणं केंद्राला कळवायचे. युनेस्को आणि आकाशवाणीनं हाच प्रयोग भारतात करायचं ठरवलं, तेव्हा निवड झाली तत्कालीन मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांची. पुणे जिल्हा त्यांत होता. सुमारे दीडशे गावं घेतली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. त्यात लिहिता-वाचता येणारे आणि न येणारे एकत्र, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून बोलायचं, निघालेल्या शंका पुण्याला पाठवायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात ऐकायची.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ मध्ये छापला. तपासणीतली हुशारी अशी, की तुलनेसाठी मंडळ नसलेली गावंही निवडली होती. त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. निकाल स्पष्ट लागला. जिथं मंडळ बसत होतं तिथल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या पुष्कळ मागं राहिली. बातमी तीच, आवाज तोच, फरक होता तो ऐकून झाल्यावर शेजारच्याला ‘तुला काय वाटतं’ असं विचारण्याचा. प्रयोग यशस्वी म्हणून पुढं देशभर हजारोंनी श्रोतामंडळं निघाली आणि सरकारी योजनांचं होतं ते त्यांचं झालं. रजिस्टरं राहिली, मंडळं गेली.

बारामतीत रेडिओनं दुसरा डाव मांडला तो या शतकात. विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ही दोन सामुदायिक केंद्रं एकाच तालुक्यात आहेत. हे भाग्य फार तालुक्यांना नाही. पण त्यांच्या कार्यक्रमांसाठी आता कुणी ओसरीवर गोळा होत नाही. ते ट्रॅक्टरवर, गोठ्यात, स्वयंपाकघरात एकेकट्यानं ऐकले जातात.

मग फोन आला असं म्हणायची पद्धत आहे, पण तो काही एका दिवसात आला नाही. आधी पोस्टकार्ड होतं, वर ‘सा. न. वि. वि.’ आणि खाली कोपऱ्यात घुसवलेला ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’. निधनाचं कार्ड वाचून झालं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. तार आली की पोस्टमन पाकीट फोडायच्या आतच आतल्या बायका रडू लागायच्या. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा गावात तिची आठवण काढणारंही फारसं कुणी नव्हतं. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि गेले. खरी उलथापालथ झाली ती सप्टेंबर २०१६ नंतर, जिओनं डेटा फुकट वाटला तेव्हा. वर्षा-दोन वर्षांत गाव व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत वाटलं गेलं. भावकीचा ग्रुप, तरुण मंडळाचा, सोसायटीचा, डेअरीचा, क्रिकेटचा, आणि सगळ्यांत जिव्हाळ्याचा दहावीच्या बॅचचा.

आता कुणाच्या घरी काय झालं हे कळायला पाच मिनिटं लागत नाहीत. हडपसरला कंपनीत असलेल्याला, पिंपरीत दुकान टाकलेल्याला आणि अमेरिकेत संगणकापुढं बसलेल्याला गावातल्या मयताची बातमी एकाच क्षणी मिळते. सावडायचं किती वाजता, दहावा कुठल्या घाटावर, प्रवचन कुणाचं, सगळं फोटोसह. खाली ओळीनं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पहिल्यानं लिहिलेलं दुसरा उचलतो, तिसरा हात जोडल्याची खूण टाकतो, आणि पंधरा मिनिटांनी त्याच धाग्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. याची टिंगल करणं सोपं आहे. मी ती करतही आलो. पण २०२० च्या उन्हाळ्यात, बारामती शहर कडेकोट बंद होतं आणि ‘बारामती पॅटर्न’ची राज्यभर चर्चा होती, तेव्हा सावडायला चार माणसंही धड जाऊ शकत नव्हती. त्या महिन्यांत त्या हात जोडलेल्या खुणांखेरीज मयताच्या घराला दुसरं काही पोचतच नव्हतं.

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. ग्रुपवर खबर कळते, म्हणून विचारायची गरज संपते. बांधावर बसलेल्याला विचारल्याशिवाय काही कळत नसे, आणि विचारलं की उत्तर ऐकून घ्यावंच लागे. आता ‘दवाखान्यात ॲडमिट’ एवढं वाचलं की आपल्याला माहीत आहे असं वाटतं. कशासाठी, पैसे आहेत का, डबा कोण देतं, हे कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या दोनशे जणांपैकी कुणीतरी विचारलं असेल. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या गप्पा चोरून ऐकून वेळ मोजला होता. बोलण्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग लोकांच्या नात्यागोत्यांचा, कोण कुणाशी कसं वागलं याचा निघाला. पुरुष आणि बायकांत याबाबत फारसा फरक नव्हता, हे चहाच्या हॉटेलातल्या मंडळींनी ऐकून ठेवावं. त्याच्या मते माकडं एकमेकांच्या उवा बघतात, त्याचंच काम माणसात गप्पा करतात. उवा बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ हाच त्यातला मुद्दा आहे.

न विचारता पुढं ढकललेली खबर कुठवर जाते हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. हा समाज या बाजूच्या गावांना अनोळखी नाही. पूर्वी तो दारात आला की कुठून आलात, कुठं उतरलात, तिकडं पाऊस कसा आहे, असं त्याला विचारलं जायचं. तोही गावोगावची खबर सांगायचा. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं धाडता येईल असं बंधन घातलं. उसात बिबट्या दिसल्याची चित्रफीत मात्र अजूनही दर हिवाळ्यात फिरते, आणि ती कुठली, कधीची हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

राजकारणानं तर ग्रुपांची परीक्षाच घेतली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. बाकीच्या महाराष्ट्राला ती पक्षाची फूट होती. बारामती तालुक्यात ती ओसरीपर्यंत आली, कारण इथं ‘साहेब’ (शरद पवार) आणि ‘दादा’ (अजित पवार) हे शब्द पक्षाच्या नावाआधी शिकले जातात. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, एकीकडं सुप्रिया सुळे, दुसरीकडं सुनेत्रा पवार. सुळे दीड लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच बारामतीनं अजित पवारांना पुतण्या युगेंद्र पवारांविरुद्ध लाखावर मतांनी निवडून दिलं. तज्ज्ञ लोक याचे अर्थ लावत बसले. बारामतीत त्याचा साधा उलगडा होता: एक मत वर, एक मत खाली, दोन्हीकडं तोंड दाखवायला जागा. ग्रुपांवर या काळात ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ अशा पाट्या लागल्या. कुठं ‘फक्त ॲडमिन’ केलं गेलं. माणसं रागानं ‘लेफ्ट’ झाली आणि निकालानंतर गुपचूप परत घेतली गेली. ही शिस्त दिल्लीच्या मोठमोठ्या वृत्तवाहिन्यांना जमली नाही, ती बॅचच्या ॲडमिननं पाळून दाखवली. दोस्त टिकवायचा तर काही बातम्या त्याच्याशी बोलायच्याच नाहीत, हेही शहाणपणच.

आतापर्यंतच्या या साऱ्या हकिकतीत बाया कुठं आहेत, असं एखादी वाचक विचारेल, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. पार पुरुषांचा, तोही सगळ्या पुरुषांचा नव्हे. वर कोण बसणार आणि खाली कोण उभं राहणार हे जातीनं ठरलेलं. गाडीतळ पुरुषांचा, हॉटेल पुरुषांचं. बायकांची बोलायची जागा म्हणजे धुणं धुवायचा पाट, खुरपणीची पात, संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि अलीकडं बचत गटाची बैठक. शिवाय लग्न झालं की मैत्रिणी एका फटक्यात तुटायच्या. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या दोघींतली एक इंदापूरला गेली, एक फलटणला, की पुढची वीस-तीस वर्षं खबर नाही. पंचमीला माहेरी आली तर आई सांगणार, ‘तुझी ती मैत्रीण मागच्या महिन्यात येऊन गेली.’

म्हणून बॅचच्या ग्रुपचं खरं कौतुक मुलींच्या बाजूनं आहे. पंचवीस-तीस वर्षांनी स्नेहमेळावा करायचा ठरतो, मुलगे चार दिवसांत सापडतात. तीच आडनावं, तीच घरं. मुलींचा शोध महिनोन्‌महिने चालतो. हजेरीपटावरचं आडनाव आता तिचं नाही. काहींचं तर लग्नात नावही बदललेलं, त्यामुळं फेसबुकवर शोधून उपयोग नसतो. मग भावाला गाठायचं. भाऊ आधी चौकशी करणार: कोण तुम्ही, नंबर कशाला पाहिजे. त्यासाठी बॅचमधल्याच एखाद्या बाईला पुढं करायचं. ती भावजयीशी बोलणार, भावजय नणंदेला विचारणार, आणि मग नंबर मिळणार. काहींकडं स्वतःचा फोनच नसतो, मुलाच्या फोनवर निरोप जातो. काहींच्या घरी ग्रुपमध्ये मुलगे आहेत म्हणून परवानगी नसते, मग फक्त मुलींचा निराळा ग्रुप निघतो. बहुतेक बॅचमध्ये पुढं तोच जास्त चालतो. तिथं शुभ सकाळची फुलं कमी आणि विचारपूस जास्त, असं दोन्ही ग्रुपांत असलेल्या बाया सांगतात: गुडघेदुखीवर कुठला डॉक्टर, पोराच्या स्थळाची चौकशी, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाला तातडीनं दोन हजार पाहिजेत.

मेळाव्याची तारीख ठरते तीही त्यांच्याच हिशेबानं. दिवाळीत भाऊबीजेला त्या माहेरी आलेल्या असतात, म्हणून तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेचं मैदान धरायचं. फेटे, सत्कार, गुरुजींचं भाषण, हे मुलांनी ठरवलेलं. जेवण झाल्यावर निघायच्या गडबडीत तीन-चार जणी वर्गात जाऊन जुन्या बाकांवर बसतात आणि तास झाला तरी उठत नाहीत. बाहेर भाऊ मोटारसायकल चालू करून हॉर्न देतो. आतून कुणीतरी ओरडून सांगतं, की थांब जरा, हिच्या सासूचं सांगायचं राहिलंय.